आपल्याच माणसाने तोडलेला कान

वाचनाचा पाठ : मत्तय २६:५१-५४, लूक २२:४९-५१, योहान १८:१०-११



वरील तीन उतारे प्रथम आपापल्या शास्त्रातून सावकाश वाचावेत व मग हा उपदेश हाती घ्यावा. गेथशेमाने बागेत प्रभूला धरावयास लोक आले, तेव्हा एका शिष्याने तलवार उपसून प्रमुख याजकाच्या दासाचा कान तोडला. मत्तय, मार्क व लूक त्या शिष्याचे नाव सांगत नाहीत. योहान मात्र ते झाकून ठेवीत नाही. तो शिमोन पेत्र होता, आणि ज्याचा कान गेला त्याचे नाव मल्ख. लूक हा वैद्य होता, आणि चौघांपैकी तो एकटाच सांगतो की प्रभूने त्या कानाला हात लावून मनुष्याला बरे केले. वधस्तंभाकडे जाण्यापूर्वी प्रभूच्या हातून झालेले हे शेवटचे आरोग्यदान होय. ती जखम शत्रूने केलेली नव्हती. ती प्रभूच्या माणसाने केली होती, आणि तीही प्रभूवरील प्रीतीच्या भरात, हे नीट ध्यानात धरावे.

ह्या गोष्टीची आठवण होण्यास एक प्रसंग कारण झाला. गेल्या पावसाळ्यात लातुराहून नांदेडकडे जाताना एका लहानशा मंडळीत माझा मुक्काम पडला. तेथील मास्तरांना कोणी एक जाडजूड जुने पुस्तक भेट दिले होते. युरोपातील ख्रिस्ती राजांनी यरुशलेमेसाठी जी युद्धे केली, त्यांचा तो सचित्र इतिहास होता. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर मुले भोवती जमली आणि मास्तर एकेक पान उलटू लागले. घोडे, तट, शिड्या, धूर आणि अंगरख्यावर क्रूस शिवलेले वीर! दहाएक वर्षांच्या एका मुलाने विचारले, “मास्तर, हे क्रूसवाले आपलेच ना?” मास्तर म्हणाले, “होय, बाळा, ख्रिस्तीच.” लागलीच तो मुलगा टाळी वाजवून ओरडला, “मग आपण जिंकलो!”

भिंतीला टेकून एक आजीबाई बसल्या होत्या. त्यांचे वय नव्वदीच्या घरातले. त्या पुढे सरकल्या, चित्रावर बोट ठेवले आणि म्हणाल्या, “आरं, पन हे खाली पडल्यात, ते कुनाचे रं?”

कोणी उत्तर दिले नाही. मग आजीबाई हळूच बोलल्या, “रझाकारीत आमचं घर जळालं. फुडं ॲक्शन आली, तवा शेजारच्या मोमिनाचं जळालं. दोन्ही बारीला जाळनारे म्हनत व्हते, आमचा धरम.”

त्या रात्री मला झोप आली नाही. ‘आपले’ हा शब्द किती गोड, आणि त्याच्या पोटात किती विष असू शकते, हे त्या दोन प्रश्नांनी मला दाखविले. आज ह्याच शब्दाविषयी, आणि अशी पुस्तके ख्रिस्ती मनुष्याने कशी वाचावीत ह्याविषयी, तीन गोष्टी तुमच्यापुढे ठेवितो.

पहिली गोष्ट : चित्र काय दाखविते व काय दाखवीत नाही, हे ओळखावे.

ह्या विषयावरील चित्रांत फ्रेंच चित्रकार गुस्ताव्ह दोरे ह्याची चित्रे फार प्रसिद्ध आहेत. जोसेफ मिशो ह्या लेखकाच्या इतिहासासाठी त्याने काढलेली शंभर चित्रे १८७७ साली निघाली. ह्याच दोरेने त्यापूर्वी, १८६६ साली, पवित्र शास्त्रासाठीही चित्रे काढली होती, आणि ती जगभर पसरली. म्हणजे जो हात मोशे व दावीद काढतो, तोच हात ह्या योद्ध्यांना काढतो. तेच तेजोमय आकाश, त्याच उंचावलेल्या भुजा! भोळ्या वाचकाला वाटते की हेही शास्त्रातलेच एक पान आहे. पण यरुशलेम घेतली गेली १०९९ साली, आणि चित्र निघाले पावणेआठशे वर्षांनी. चित्रकाराने त्यातील काही डोळ्यांनी पाहिलेले नव्हते. त्याने आपल्या काळच्या मनातले चित्र काढले.

मग प्रत्यक्षात काय घडले? थोडक्यात सांगतो. १०९५ साली फ्रान्सातील क्लेर्मों गावी पोप दुसरा अर्बन ह्याने ह्या मोहिमेची हाक दिली, आणि देवाचीच ही इच्छा आहे असा घोष लोकांनी केला. पुढच्याच वर्षी, यरुशलेमेकडे निघालेल्या काही टोळ्यांनी वाटेत ऱ्हाईन नदीकाठच्या वर्म्स व माइन्झ ह्या नगरांतील यहूद्यांची कत्तल केली. ज्या लोकांत आपला प्रभू देहाने जन्मला, त्याच लोकांची! श्पायर नगराच्या बिशपाने मात्र तेथील बहुतेक यहूद्यांना आसरा देऊन वाचविले. १०९९ च्या जुलै महिन्याच्या १५ तारखेस यरुशलेम पडली. तो शुक्रवार होता. आत शिरलेल्या सैन्याने मुसलमान व यहूदी, लढणारे व न लढणारे, असा भेद ठेविला नाही. ज्या नगरात प्रभूने शुक्रवारी आपले रक्त दिले, त्याच नगरात त्याच वारी त्याच्या नावाने दुसऱ्यांचे रक्त सांडले गेले.

पुढे ११८७ साली सुलतान सलाहुद्दीनाने ते नगर परत घेतले. त्या वेळी कत्तल झाली नाही. पुरुषामागे दहा दिनार व स्त्रीमागे पाच अशी खंडणी घेऊन लोकांना जाऊ दिले. तथापि ज्या गरिबांपाशी पैसा नव्हता, त्यांतील हजारो गुलामगिरीत गेले, आणि त्याच वर्षी हत्तीनच्या लढाईनंतर धरलेल्या धर्मवीरांची मस्तके सलाहुद्दीनाने उडविली होती. चार वर्षांनी इंग्लंडच्या रिचर्ड राजाने अक्का नगराबाहेर सुमारे २,७०० मुसलमान कैद्यांना ठार केले. आणि १२०४ साली क्रूस धारण केलेल्या सैन्याने कॉन्स्टंटिनोपल हे ख्रिस्ती लोकांचेच महानगर लुटले! जो वणवा शेजाऱ्याच्या शेतात लाविला, तो फिरून आपल्या गंजीपर्यंत आला.

ह्या युद्धांना आपण मराठीत ‘धर्मयुद्धे’ म्हणतो. पण आपल्या भाषेत धर्मयुद्ध ह्या शब्दाचा मूळ अर्थ काय? नियमाने केलेले युद्ध. पळणाऱ्यावर घाव घालू नये, निःशस्त्राला मारू नये, शरण आलेल्याला अभय द्यावे, हे ह्या देशातील अशिक्षित शेतकऱ्यासही कीर्तनांतून ठाऊक आहे. त्या कसोटीला यरुशलेमेचे ते युद्ध उतरत नाही. ते धर्माच्या नावाने झालेले युद्ध होते, धर्माने केलेले नव्हे. हे दोन वेगळे आहेत, एवढे जरी आपल्या मुलांना समजले, तरी पुस्तकाचा अर्धा धडा त्यांना आला.

दुसरी गोष्ट : आपल्या बाजूचे पाप आपले म्हणून वाचावे.

येथे आपल्यापैकी कित्येक दोन सबबी पुढे करतील. पहिली सबब अशी : “ते रोमी मताचे होते, आम्ही प्रॉटेस्टंट आहो.” बंधूंनो, लूथराचा जन्म १४८३ सालचा. १०९९ साली पश्चिमेकडील सारे ख्रिस्ती एकाच घरात होते. तो भूतकाळ त्यांचा तितकाच आपला. आणि घर वेगळे झाल्यावर तरी तलवार म्यान झाली काय? १६१८ ते १६४८ अशी तीस वर्षे जर्मनी युद्धाने होरपळली. १६३१ साली माग्डेबर्ग ह्या प्रॉटेस्टंट नगरात रोमी पक्षाच्या सैन्याने सुमारे वीस हजार माणसे मारली. १६४९ साली आयर्लंडातील द्रोहेडा येथे क्रॉम्वेलच्या प्रॉटेस्टंट सैन्याने शरण आलेल्यांनाही सोडले नाही. इकडे आपल्या गोव्यात पोर्तुगीज सत्तेखाली १५६० पासून १८१२ पर्यंत, मध्ये थोडा खंड पडून, धर्मन्यायासन चालले, आणि नवख्रिस्ती झालेल्या गरीब लोकांनाच त्याचा जाच फार झाला. कोणाच्या हाती रक्त नाही, असे कोणी म्हणू नये.

दुसरी सबब अशी : “आम्ही तर कालपरवाचे ख्रिस्ती. आमचे आजे-पणजे त्या वेळी गावकुसाबाहेर दुसऱ्याची गुरे ओढीत होते. त्या राजांशी आमचा संबंध काय?” ही सबब खरी वाटते, आणि एका अर्थी खरीही आहे. शुभवर्तमान आपल्याकडे तलवारीच्या टोकावर आले नाही. ते पायी आले. शाळेच्या पाटीवरून, दवाखान्याच्या ओसरीवरून आणि रात्रीच्या भजनांतून आले. परंतु विचार करा : वारसाने जमीन घेतली, तर सातबाऱ्यावरचा बोजाही घ्यावा लागतो. जमीन तेवढी माझी आणि कर्ज चुलत्याचे, असे तलाठी लिहून देत नाही. ख्रिस्ती हे नाव आपण घेतले, शास्त्र घेतले, स्तोत्रे घेतली, संतांची उदाहरणे घेतली. मग ह्या नावावर चढलेला बोजाही आपलाच. तो फेडावयाचा मार्ग एकच : तो कबूल करणे व पुन्हा न चढविणे.

पाहा, शास्त्र स्वतः असेच लिहिलेले आहे. पुष्कळ राजांचे बखरकार आपल्या धन्याचा दोष झाकतात. शास्त्र दाविदाचे पाप झाकीत नाही. मंडळीचा आधारस्तंभ पेत्र. पण त्यानेच कान तोडला, असे योहान नाव घेऊन लिहितो. याकोब व योहान ह्यांनी शोमरोनी गावावर आकाशातून अग्नी पाडण्याची इच्छा केली आणि प्रभूने त्यांस धमकाविले, हे लूक नवव्या अध्यायात सांगतो. ज्या धर्माचे मूळ पुस्तकच आपल्या माणसांचा दोष आपण होऊन सांगते, त्या धर्माच्या लोकांना आपल्या इतिहासाचे वाचन करताना भिण्याचे कारण नाही. भितो तो, ज्याला क्षमेची आशा नसते.

आता आपल्या भूमीकडे येऊ. तो निजामाच्या राज्यातील काळ जुन्या माणसांच्या तोंडून तुम्ही ऐकलाच आहे. रझाकारांच्या टोळ्यांनी गावे लुटली, घरे जाळली, माणसे मारली. त्यांचा पुढारी कासीम रझवी हा आपल्या लातुरातच वकिली करीत असे. १९४८ च्या सप्टेंबरात भारताची फौज आली, आणि १७ तारखेस तो जुलूम संपला. तो दिवस मराठवाडा मुक्तिदिन म्हणून पाळतो व पाळावा. ज्यांनी त्या लढ्यात प्राण दिले, त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु कथेचे दुसरे पानही आहे, आणि ते फार दिवस मिटलेले राहिले. फौज आल्यानंतरच्या दिवसांत, ज्यांचा रझाकारांशी संबंध नव्हता अशा असंख्य गरीब मुसलमानांवर सूड उगविला गेला. भारत सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार व मौलाना अब्दुल्ला मिसरी ह्यांना चौकशीसाठी पाठविले. त्यांनी नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये राज्यात फिरून अंदाज दिला की सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मेली असावीत. आणि सर्वांत अधिक हानी उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड ह्या चार जिल्ह्यांत झाली. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. तो अहवाल त्या वेळी छापला गेला नाही. २०१३ च्या सुमारास तो लोकांना पाहावयास मिळाला.

त्याच अहवालात एक गोष्ट आहे, ती विसरू नका. पुष्कळ ठिकाणी हिंदूंनी आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना जिवावर उदार होऊन वाचविले. आणि विशेषेकरून, हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांचे रक्षण करताना स्वतःचे प्राणही दिले. मागावर शेजारी बसून ज्यांनी एकच सूत हाताळले, त्यांना ‘आपले’ कोण हे कोणी शिकवावे लागले नाही.

ह्या दोन पानांपैकी प्रत्येक वाड्यात, प्रत्येक मोहल्ल्यात एकच पान वाचले जाते. ज्याने रझाकारी भोगली तो दुसरे पान उघडू देत नाही. ज्याने ॲक्शन भोगली त्याला पहिले पान खोटे वाटते. आपण ख्रिस्ती लोक दोहोंच्या मध्ये थोडे आहो, दुर्बल आहो. म्हणूनच दोन्ही पाने एकत्र वाचण्याचे काम देवाने कदाचित आपल्याकडे दिले असेल. परंतु ज्याने स्वतःच्या घराचे, यरुशलेमेचे व द्रोहेडाचे, पान आधी वाचले नाही, त्याला शेजाऱ्याला पान उलट म्हणण्याचा अधिकार नाही.

तिसरी गोष्ट : ‘आपले’ ह्या शब्दाची शीव प्रभूने कोठे घातली ते पाहावे.

सचित्र इतिहासात दोन रंग असतात. खऱ्या इतिहासात सूत गुंतलेले असते. उदगीरचा किल्ला तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला आहे. १७६० च्या आरंभी सदाशिवरावभाऊंनी तेथे निजामाचा पराभव केला. ही हिंदू व मुसलमान ह्यांची लढाई, असे चित्र सहज काढता येईल. पण मराठ्यांचा तोफखाना कोणाच्या हाती होता? इब्राहिमखान गारदी ह्याच्या. तोच पुढल्या वर्षी पानिपतावर मराठ्यांची बाजू न सोडता शत्रूच्या हाती पडून मारला गेला. आणि निजामाच्या पदरी हिंदू सरदार थोडे नव्हते.

नांदेडास शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंग १७०८ साली एका पठाणाच्या घावानंतर दिवंगत झाले. पण ते दक्षिणेत आले होते ते बादशहा बहादुरशहाच्या छावणीबरोबर. त्यांच्याच एका सेवकाची, भाई कन्हय्याची, गोष्ट शीख लोक आजही सांगतात : तो रणांगणावर दोन्ही बाजूंच्या घायाळांना पाणी पाजीत असे. लोकांनी गुरूकडे तक्रार केली, तेव्हा त्याने उत्तर दिले की मला कोणी शत्रू दिसलाच नाही. आणि गुरूने त्याला दटावले नाही, तर पाण्यासोबत मलमही नेण्यास सांगितले. ही गोष्ट वाचताना लूकच्या दहाव्या अध्यायातील शोमरोनी ज्याला आठवणार नाही, त्याने तो अध्याय पुन्हा वाचावा.

आपल्या मराठवाड्यातील मंडळीच्या आरंभाचाही विचार करा. १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण शेषाद्री जालन्याकडे काम करू लागले, आणि त्यांनी तेथे बेथेल नावाचे ख्रिस्ती गाव वसविले. त्या गावासाठी जमीन कोणाच्या राज्यकारभारात मिळाली? निजामाचे दिवाण सर सालारजंग ह्यांच्या. मुसलमान दिवाणाच्या देणगीवर ह्या प्रांतातील ख्रिस्ती गावाचा पाया घातला गेला, ही गोष्ट आपल्या मुलांना ठाऊक आहे काय? क्रूस शिवलेल्या वीरांचे घोडे त्यांना ठाऊक आहेत, आणि आपल्या अंगणाची माती ठाऊक नाही!

१२१९ साली, युद्ध ऐन भरात असता, असिसीचा फ्रान्सिस निःशस्त्र मिसर देशात दमिएत्ता येथे सुलतान अल्-कामिलच्या छावणीत गेला, त्याला प्रभूची गोष्ट सांगितली, आणि सुखरूप परत आला. हजारो तलवारींनी जे झाले नाही ते त्याच्या जाण्याने झाले, असे मी म्हणत नाही. सुलतान ख्रिस्ती झाला नाही. पण त्या साऱ्या दोनशे वर्षांत प्रभूसारखे कोण दिसले, असे जर कोणी विचारले, तर मी त्या अनवाणी मनुष्याकडे बोट दाखवीन.

आता मास्तर, उपदेशक व बायबलबाई ह्यांना दोन शब्द. अशी पुस्तके जाळू नका, लपवूही नका. ती उघडा; पण चित्र दाखविताना आधी खाली पडलेल्याकडे बोट न्या. हा कोण होता, ह्याची आई कोठे होती, ह्याने काय केले होते, असे मुलांना विचारा. मग चित्र कोणी काढले, केव्हा काढले, हे सांगा. आपण जिंकलो असे मूल म्हणाले, तर त्याला रागावू नका. ते आपल्याकडूनच शिकले आहे. त्याला मल्खाची गोष्ट सांगा. आणि आठवड्याच्या बाजारी कोणी दुसऱ्या धर्माचे जुने पाप उगाळू लागला, तर त्यात तेल ओतू नका. आपल्या घराचे पाप आधी बोला. त्याने वाद मिटेलच असे नाही, पण तुमच्या हाती मशाल तरी असणार नाही.

दुसऱ्या दिवशी निघताना मी त्या मंडळीत पुन्हा डोकावलो. तोच मुलगा पुस्तकावर वाकला होता आणि बोटाने काही मोजीत होता. मी विचारले, “काय मोजतोस?” तो म्हणाला, “खाली पडलेले.” मी विचारले, “कोणाचे?” त्याने थोडा विचार केला व म्हणाला, “कळत नाही. सगळे सारखेच दिसतात.”

बंधुभगिनींनो, बागेतील त्या रात्री पेत्राने मल्खाला शत्रू म्हणून पाहिले; प्रभूने त्याचा कान पाहिला. पेत्राची तलवार अजून पुष्कळ घरांत भिंतीला टांगलेली आहे. प्रभूचा हातही आज आखूड झालेला नाही. आपण कोणाच्या मागे उभे आहो, हे ज्याने त्याने आज रात्री गुडघे टेकून पाहावे.

प्रार्थना

हे प्रभू येशू, तुझ्या नावाने आमच्या माणसांनी जे घाव घातले, ते आम्ही तुझ्यापुढे कबूल करितो. आमच्या मुलांच्या मनातून विजयाचा गर्व काढ, आणि पडलेल्याची कीव त्यांत घाल. ज्या गावांत दोन्ही बाजूंची घरे जळाली, त्या गावांत आम्हांला पाणी व मलम नेणारे कर. जो कान आमच्या हातून तुटला, त्याला तू स्पर्श कर; आणि तलवार जिच्या जागी जावयाची, त्या म्यानात ती ठेवण्याचे बळ आम्हांला दे. आमेन.